लायसन्स पर्समध्ये, गाडी पोर्चमध्ये

माझ्याकडं गाडी शिकायला येणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींकडं लायसन्स आधीपासूनच असतं. कुणी लग्नाआधी माहेरी काढलेलं, कुणी नोकरी लागल्यावर हौसेनं. फोटोतला चेहरा आता ओळखू येत नाही इतकं जुनं. गाडी पोर्चमध्ये कव्हर घालून उभी असते. नवरा रविवारी बाहेर काढतो, धुतो, पेट्रोल टाकून आणतो आणि पुन्हा लावतो. "मॅडम, मला गाडी येते, पण रस्त्यावर येत नाही," असं एक बाई फोनवर म्हणाल्या होत्या. ऐकताना हसू आलं, पण दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

मी राहते लातूरला, माहेर नांदेडचं. वडील एसटीत ड्रायव्हर होते. आमचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल अगदी लहान आहे, मी आणि माझा धाकटा भाऊ. तो कोऱ्या पाटीच्या लोकांना शाळेच्या गाडीवर शिकवतो. मी लायसन्सवाल्यांना त्यांच्या स्वतःच्या गाडीवर, त्यांच्या रोजच्या रस्त्यावर शिकवते आणि तासावर पैसे घेते. आमच्याकडं याला सरळ 'प्रायव्हेट' म्हणतात. लातूरमध्ये हा प्रकार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इथं फिजिक्सची शिकवणी असते, तशी क्लचचीही असणार, असं लोक धरूनच चालतात.

शिकणाऱ्यांत एक मोठा गट या ट्युशनमुळंच आलेला आहे. दहावी झाली की लोहा, कंधार, मुखेड, देगलूरकडची मुलं लातूरला येतात आणि त्यांच्यामागं त्यांच्या आया येतात. दोन वर्षांसाठी दोन खोल्या भाड्यानं घ्यायच्या, पोराचा डबा आणि झोप सांभाळायची. नवरा गावाकडं, नोकरीवर नाहीतर शेतावर. पोरगं दिवसभर क्लासला. मग एखाद्या दिवाळीनंतर गावाकडची गाडी लातूरला येते. पोराची नीटची तयारी एकीकडं आणि आईची क्लच-गिअरची दुसरीकडं, असं घर मी बरेचदा पाहते. पोरगंही मधूनच म्हणतं, "काकू, मलापण शिकवा की." सतरा वर्षांचा असतो. मी त्याला मोटार वाहन कायद्यातलं कलम १९९अ सांगते. २०१९च्या दुरुस्तीनं ते आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. आई हे ऐकते आणि किल्ली पर्समध्ये टाकते.

नवऱ्यानंच शिकवलं तर काय बिघडतं, असं मला पुष्कळ जण विचारतात. बिघडत काहीच नाही, फक्त शिकणं होत नाही. बाजूच्या सीटवरून "अगं ब्रेक, ब्रेक!" एवढंच येतं, तेही वेळ टळून गेल्यावर. कुठं बघायला हवं होतं ते कुणी सांगत नाही. त्यात गाडी बंद पडली की मागच्याचा हॉर्न आणि शेजारचा सुस्कारा एकदमच ऐकू येतात. माझी पहिली अट असते की तासाला अहोंनी घरीच थांबायचं. बहुतेक अहो आनंदानं मान्य करतात. काही जण मोटारसायकलवरून मागं मागं येतात. त्यांना मी आरशात बघत असते.

आता लायसन्स असूनही गाडी का येत नाही, ते सांगते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. ड्रायव्हिंग स्कूलनं खाजगी गाडीचं शिक्षण किमान २१ दिवस द्यावं आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं १० तासांपेक्षा कमी नसावं, असं त्यांत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे रोज निदान अर्धा तास स्टेअरिंग तुमच्या हातात पाहिजे. बाजारात मात्र हिशेब तासांचा नसतो, किलोमीटरचा असतो. 'रोज पाच किलोमीटर.' सकाळी मोकळ्या रस्त्यावर पाच किलोमीटर दहा-बारा मिनिटांत संपतात, पुढं मागच्या सीटवरच्याचा नंबर. एकवीस दिवसांचे जेमतेम चार तास होतात. प्रत्येक शिकाऊ माणसानं किती तास गाडी चालवली याची नोंद शाळेनं नमुना १५ च्या रजिस्टरमध्ये ठेवायची असते. पैसे भरण्याआधी ते रजिस्टर दाखवा म्हणा. काढून दाखवणारा मास्तर बरा, हसणारा सोडून द्या.

दुसरी गोष्ट जास्त बारीक आहे. शाळेच्या गाडीत मास्तरच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. ही दुहेरी सोय नियमानंच बंधनकारक आहे आणि ती हवीच, तिच्यामुळं जीव वाचतात. पण घाईतला मास्तर तिचा उपयोग शिकवण्यासाठी न करता वेळ मारून नेण्यासाठी करतो. शिकणारीचा क्लच चुकतोय असं दिसलं की हा खालून हळूच दाबतो. गाडी बंद पडत नाही, झटका बसत नाही. बाईंना वाटतं, जमलं! एकवीस दिवस निम्मी गाडी मास्तरचा पाय चालवत असतो आणि बाविसाव्या दिवशी तो पाय घरी जातो. स्वतःच्या गाडीवर बाई पहिल्यांदा बसतात, गाडी तीनदा बंद पडते, आणि 'मला जमत नाही' हा निकाल लागतो. तो पुढं पाच-पाच वर्षं टिकतो.

परीक्षेचंही तसंच. शिकाऊ लायसन्सची परीक्षा २०२१पासून महाराष्ट्रात घरबसल्या ऑनलाइन देता येते. नेमकी कुणी दिली हे त्या घरालाच ठाऊक. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्यासाठी चाचणी देता येते. चाचणीत उमेदवाराला काय काय यायला हवं, याची यादी नियम १५ मध्ये आहे आणि ती चांगली लांबलचक आहे. निघण्याआधी आरसा नीट करणं, सगळे गिअर टाकत वेग वाढवणं, चढावर थांबून मागं न घसरता पुन्हा निघणं, ओव्हरटेक करणं, दुसऱ्याला करू देणं, अडचणीच्या जागेत मागं घेणं, अचानक थांबणं, सगळं आहे. मी प्रत्येकीला विचारते, "तुमच्या परीक्षेत काय झालं होतं?" उत्तर ठरलेलं: "एच काढला की. झालं." १ जुलै २०२१पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. त्यांत कारसाठी चार आठवड्यांत २९ तासांचा अभ्यासक्रम आहे, २१ तास हातानं आणि ८ तास वर्गात. तिथून पास होणाऱ्याला आरटीओची चाचणी माफ आहे. परीक्षा माफ करणं मला रुचत नाही, पण तासांचा आकडा मात्र पटतो. इतके तास खरोखर लागतात.

माझा पहिला तास गाडी सुरू न करताच जातो. सीट. बहुतेक जणी स्टेअरिंगला चिकटून बसतात, कारण बॉनेट दिसलं पाहिजे असं त्यांना वाटतं. बॉनेट दिसून करायचं काय? क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा, मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेला टेकावं आणि छाती व स्टेअरिंग यांच्यात निदान २५ सेंटीमीटर अंतर राहावं. तिथं एअरबॅग आहे. ती फुटते तेव्हा पापणी लवायच्या आत आणि जोरात फुटते, तेव्हा ती पूर्ण फुगायला जागा लागते. मग पायातलं. उंच टाचेची चप्पल नको, सैल स्लिपर नको. साडी असेल तर निऱ्या घोट्याच्या वर. आणि पाण्याची स्टीलची बाटली दाराच्या खणात ठेवायची, मांडीवर किंवा सीटखाली अजिबात नाही. सीटखालची बाटली ब्रेक मारला की पुढं घरंगळते आणि ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसते. पुढचा ब्रेक मग लागत नाही. नव्या ड्रायव्हरला सिग्नलवरचा पोलीस दिसतो, ही बाटली दिसत नाही.

क्लचसाठी मी मोकळं मैदान घेते आणि ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावू देत नाही. सपाट जागेवर आताच्या गाड्या नुसत्या क्लचवर निघतात. पहिला गिअर टाकायचा आणि क्लच असा सोडायचा, जसा फोडणी करपू नये म्हणून गॅस बारीक करतो. गाडीच्या अंगात एक बारीकशी थरथर येते, बॉनेट किंचित उचलतं. तिथं पाय थांबवायचा. ती थरथर पायाला कळली की निम्मं भय जातं. मग तेच चढावर. आपला मुलूख तसा सपाट, चढ शोधावा लागतो. नांदेडला हिंगोली गेटच्या पुलाचा चढ मला फार उपयोगी पडतो. हँडब्रेक ओढायचा, थरथर येऊ द्यायची, मग हँडब्रेक सोडायचा. मागं ऑटो चिकटलेला असतो, त्याला चिकटू द्यायचं. या एका धड्यावर कधी कधी आख्खा तास जातो आणि मी तो जाऊ देते. ऑटोमॅटिक गाडी घेतलेल्या बाईंना हे सगळं माफ. त्यांना एकच पक्कं सांगते, डावा पाय बाजूला ठेवा, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाचे. दोन पाय वापरले की घाबरल्यावर दोन्ही एकदम दाबले जातात.

पण हातापायाचं हे शिक्षण सोपं, कुणालाही येतं. अवघड असतं ते डोळ्यांचं, आणि प्रायव्हेटचे पैसे मी खरं तर त्याचेच घेते.

लातूरची गंजगोलाई १९१७ची. मधोमध गोल बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते. ज्यानं आखली त्याच्या डोळ्यापुढं बैलगाड्या आणि टांगे असतील. आज तिथं ऑटो, हातगाडे, बुलेट, कापडाचे गठ्ठे नेणारे टेम्पो आणि सराफ्यात निघालेली लग्नघरं. मी शिकणारीला तिथं सकाळी लवकर नेते, दुकानांची शटरं अर्धी वर असताना. गोल आपल्या उजव्या हाताला ठेवून फिरायचं. गोलात आधीपासून असलेली, म्हणजे उजवीकडून येणारी गाडी आधी जाणार, आपण थांबायचं. नियम असा आहे. पाळतं कोण, हा प्रश्न रास्त आहे, पण समोरचा पाळणार नाही हे धरून चालायचं असेल तर नियम आपल्याला जास्तच ठाऊक हवा.

तिथंच मी काचेचा खांब दाखवते. समोरची काच आणि दार यांच्यामधला तो तिरका लोखंडी खांब. आताच्या गाड्यांत तो चांगला जाड असतो. वळताना त्याच्या आड आख्खी मोटारसायकल लपते, आणि दोघंही एकाच गतीनं वळत असले की लपूनच राहते. उपाय साधा आहे. वळण्याआधी कंबरेतून पुढं-मागं एकदा डोकवायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बाईंना पेंग येतेय. येऊ द्या वाटायला. आरशांचंही तेच, आरशात दिसत नाही असा पट्टा दोन्ही बाजूंना असतोच. मी गाडीतून उतरून गाडीच्या बाजूनं चालते आणि शिकणारीला सांगते, मी आरशातून गायब झाले की हॉर्न वाजवा. माझ्या आकाराची बाई चांगली दोन-चार पावलं गायब राहते. त्यानंतर मान वळवून बघायला सांगावं लागत नाही.

नांदेडला मी वेगळं शिकवते. २००८च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी शहरातले बरेच रस्ते रुंद झाले, त्यामुळं लातूरपेक्षा तिथं वेग जास्त मिळतो आणि धोकाही वेगळा. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या भोवती पंजाबातून आलेली कुटुंबं असतात. शहर नवं, नजर कळसाकडं. ती रस्ता ओलांडताना गाडीकडं बघत नाहीत, तेव्हा आपणच त्यांच्याकडं बघायचं. देगलूर नाक्याला ऑटो. ऑटोवाल्याचा हात बघू नका, त्याचा हात कशासाठीही बाहेर येतो. पुढचं चाक बघा. चाक ज्या बाजूला झुकलं त्या बाजूला तो जाणार, मग इंडिकेटर काहीही म्हणो. फूटपाथवर उभ्या माणसाचे पाय बघा, उभ्या गाडीच्या आत डोकं दिसतंय का बघा. आत डोकं असेल तर दार उघडू शकतं. शिकणारीनं हे सगळं मोठ्यानं बोलत चालवायचं असतं. "ऑटो, चाक उजवीकडं. आजी, पाय रस्त्याकडं. ॲक्टिव्हा, आरशात बघितलं नाही." पहिले दोन दिवस लाज वाटते. ज्यांचं बोलणं थांबतं त्यांचं बघणंही थांबलेलं असतं, हे मला शेजारी बसून लगेच कळतं.

लातूर-नांदेड रस्ता हा आमच्या शाळेचा शेवटचा वर्ग. सुमारे १४० किलोमीटर, चाकूर, अहमदपूर, लोहा असा जाणारा. हा राष्ट्रीय महामार्ग ३६१, तुळजापूरहून वर बुटीबोरीपर्यंत जातो. चौपदरी झाल्यापासून बायकांना तो सोपा वाटतो, कारण समोरून गाडी येत नाही. इथंच फसगत आहे. मधला कट दूर असला की ट्रॅक्टर, मोटारसायकल, कधी दुधाचा टेम्पो सरळ उलट्या बाजूनं येतो, तोही उजव्या लेनमध्ये, आपला वेग सगळ्यात जास्त असतो तिथं. म्हणून ओव्हरटेक झाला की लगेच डावीकडं या, उजवी लेन राहायची जागा नाही. अंतर मोजायला मी तीन विठ्ठल शिकवते. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की म्हणायचं: एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल. त्याआधी आपण त्या खांबाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात पाच विठ्ठल.

या रस्त्याला ऋतू आहेत आणि ते कुठल्याच ड्रायव्हिंगच्या पुस्तकात नाहीत. मृगाचा पाऊस पडला की शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते. वाळली तर निरुपद्रवी, भिजली तर साबण. शेतरस्ता जिथं हायवेला मिळतो तिथं वेग आधीच कमी करायचा, मातीवर गेल्यावर ब्रेक नाही. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन. डांबरावर वाळत घालतात आणि गाड्या वर येऊ नयेत म्हणून कडेनं दगड लावतात. संध्याकाळी सोयाबीन पोत्यात जातं, दगड तिथंच राहतात. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा, तेव्हा रस्त्यावर घोडे, उंट, जनावरांचे ट्रक आणि यात्रेहून परतणारी दमलेली माणसं. आणि गाळप सुरू झालं की ऊस.

उसाच्या दिवसांतच मी रात्रीचा धडा घेते, मुद्दाम. मांजरा पट्ट्यात कारखान्यांकडं निघालेल्या ट्रॉल्या रात्रभर चालू असतात. ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तरी चिखलानं माखलेला, आणि वेग बैलगाडीच्या आसपास. आता थोडं गणित. ८०च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. सावध माणसाचाही पाय ब्रेकवर पोचायला सेकंदभर लागतो, त्यापुढं गाडी थांबायला आणखी ३५ मीटर. झाले ५७, तेही कोरडा रस्ता आणि चांगले टायर धरून. डिपरचा उजेड पडतो साधारण ४०-५० मीटर. म्हणजे समोरून गाडी येत असताना तुम्ही डिपरवर ८०नं चालला असाल, तर ट्रॉली दिसेपर्यंत थांबायची वेळ निघून गेलेली असते. ६०ला हेच अंतर ३७ मीटर आहे, ४०ला फक्त २०. वेग दुप्पट झाला की अंतर तिपटीच्या घरात जातं. हे मी कागदावर समजावत नाही. दिवसा रिकाम्या रस्त्याकडेला चुन्याची रेघ मारून ४०ला एकदा आणि ६०ला एकदा कडक ब्रेक मारायला लावते आणि बाईंना उतरून पावलं मोजायला सांगते. त्या कडक ब्रेकला एबीएसमुळं पायाखाली खडखड होते. पहिल्यांदा सगळ्याच जणी दचकून पाय काढतात. काढायचा नाही, तसाच दाबून धरायचा आणि स्टेअरिंग फिरवायचं, त्यासाठीच ती खडखड आहे. ज्यांनी ती एकदाही अनुभवलेली नाही, त्यांच्या गाडीतलं एबीएस पैसे देऊन बंद ठेवल्यासारखं आहे.

२०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. हा आकडा मी शिकणारीला सांगत नाही. आकड्यानं कुणी सावध होत नाही, फक्त घाबरतं, आणि घाबरलेला ड्रायव्हर दुसऱ्याला धोक्याचा.

सीटच्या पट्ट्याचं मात्र मी कुणाचं ऐकत नाही. पुढच्यांचं आता बरंचसं जमलंय, दंडाच्या भीतीनं का असेना. मागच्या सीटचं काय? मागच्यांनीही लावायचा असा नियम आहे. आमच्याकडं गाडी शोरूममधून निघते ती थेट सीट कव्हरवाल्याकडं, आणि तो मागच्या पट्ट्यांची कुलुपं कव्हरखाली गाडून टाकतो. माझ्या नव्या गिऱ्हाईकांच्या गाड्यांत मी पहिल्या दिवशी हात घालून ती कुलुपं शोधून काढते. काही गाड्यांत पट्टा न लावता बीप बंद करायची खोटी क्लिपही मिळते. ती मी परत देत नाही.

आमच्या भागात तरी हे वेगळं सांगायला लागू नये. गोपीनाथराव मुंडे ३ जून २०१४ला दिल्लीत अपघातात गेले. केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. सकाळी विमानतळाकडं निघाले होते, मागच्या सीटवर होते. चौकात दुसरी गाडी येऊन धडकली. हायवे नव्हता, रात्र नव्हती, शहरातला रस्ता होता. त्या वेळचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन नंतर जाहीरपणे म्हणाले की पट्टा लावला असता तर ते वाचले असते, मागचा पट्टा शोभेचा असतो या गैरसमजानं त्यांना नेलं. दुसऱ्या दिवशी परळीला जमलेली गर्दी आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. त्या गर्दीत माझ्या ओळखीचे कितीतरी लोक होते, आणि गर्दीतून घरी येताना जीपच्या मागच्या सीटवर त्यांच्यातल्या एकानंही पट्टा लावला नसेल. पुढं ४ सप्टेंबर २०२२ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. तेही मागच्याच सीटवर, पट्ट्याविना.

यावरून माझी एका घरी चांगलीच जुंपली होती. सून शिकत होती, शिक्षिका. शेवटचा धडा म्हणून लातूरहून अहमदपूरला जायचं ठरलं. तिथं त्यांच्या नात्यात बारसं होतं. मागं सासूबाई आणि सासरे. सासूबाईंनी निमूट पट्टा लावला. सासरे म्हणाले, "मी चाळीस वर्षं जीपला लोंबकळून फिरलो, मला काय झालं?" मी म्हटलं, "मामा, पट्टा लागल्याशिवाय गाडी हलत नाही." ते म्हणाले, "गाडी कुणाची?" मी म्हटलं, "गाडी तुमची, तास माझा." सून स्टेअरिंग धरून समोर बघत बसली, किल्लीला हातसुद्धा लावला नाही. तिथं मला कळलं की ही शिकली. मामा उतरले, धोतर सावरत बसस्टँडकडं गेले.

आम्ही निघालो. सुनेनं आष्टामोडला एका ट्रॉलीमागं पुष्कळ वेळ घालवला, ओव्हरटेकची घाई केली नाही. चाकूरजवळ उलट्या बाजूनं आलेल्या मोटारसायकलसाठी वेळेत डावीकडं आली. पुढं एका पुलाच्या चढावर थांबून न घसरता निघाली. मी सगळा वेळ हात मांडीवर ठेवून बसले होते. अहमदपूरला पोचलो तर मामा मांडवाबाहेर खुर्ची टाकून चहा पीत बसलेले. एसटी आमच्याआधी पोचली होती. सुनेला गाडीतून उतरताना बघून त्यांनी कप खाली ठेवला आणि सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय, बेल्ट लावून आलाव का चालत आलाव?"